जहाजी धनपालचं लोखंड

धनपाल रामटेके मला आवडत नव्हता, हे आधीच सांगून टाकते. त्याच्याबद्दल गोडगोड ऐकायचं असेल तर बालाघाटात त्याचे भक्त कमी नाहीत. ते सांगतील, धनपालने सातासमुद्रापलीकडचं संगीत आमच्या वॉर्डात आणलं, वरातीच्या बँडला बसून ऐकण्याजोगं केलं. खोटं नाही ते. पण ते सगळे समोरच्या खुर्च्यांवर बसून ऐकणारे. मी सहा वर्षं त्याच्या शेजारी उभी राहून वाजवलं आहे. आणि बँड त्याचा नव्हताच, माझ्या बाबांचा होता. तोंडावर मी त्याला काकाजी म्हणत असे, तुम्ही म्हणत असे. इथे 'तो' म्हणते. लिहिण्यात तेवढी तरी मोकळीक असू दे.

बाबा बँडमास्तर होते. लालबर्र्‍यापासून लांजीपर्यंत त्यांचं ट्रंपेट वाजलं नाही असं लग्नाचं गाव शोधावं लागेल. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती. आठ ओळींची, साधी, पाय आपोआप उचलावेत अशी. आमच्या वॉर्डातली पोरं तिला 'मास्तरची चाल' म्हणायची आणि दूध आणायला जातानाही शिट्टीवर वाजवायची. धनपाल हा बाबांचाच शागीर्द. आमच्याच ओट्यावर बसून ट्रंपेट फुंकायला शिकला. मग नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रात गेला, तिथून मुंबईला, आणि तिथून पर्यटकांच्या जहाजावर. ते जहाज कॅरिबियन बेटांमधून फिरायचं आणि त्यावर रोज संध्याकाळी जॅझ वाजायचं. त्याच्या बँडमध्ये एक त्रिनिदादचा म्हातारा होता, एक क्युबाचा ढोलवाला होता, आणखी कोण कोण होते. चौदा वर्षं त्याने तिथे काढली. मग गुडघे गेले आणि साहेब बालाघाटला परत आले.

आल्याच्या तिसऱ्या दिवशी दार न वाजवता तो आमच्या घरात शिरला. अंगात पोपटी फुलाफुलांचा शर्ट, पायात पांढरे बूट, तेही उन्हाळ्यातल्या धुळीत. चहा बशीत ओतून प्यायला आणि आईला म्हणाला, "साखर कमी हाये." मग मागच्या खोलीत चाललेली बँडची तालीम ऐकली. पूर्ण ऐकलीही नाही. बाबांना म्हणाला, "मास्तर, तुमी चाळीस वर्सं तेच वाजवून राह्यले."

बाबा हसले. "लोकायले तेच पाह्यजे."

"लोकायले इचारलं कोणं?"

बाबांच्या समोर असं कोणी बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बाबांना राग यायला हवा होता. त्यांना आला नाही. तो माझ्या वाट्याला आला आणि अजून तसाच आहे.

दोन महिन्यांत तालमी त्याच्या ताब्यात गेल्या. त्याची पद्धत साधी आणि दुष्ट होती. कोणी एखादी धून व्यवस्थित वाजवून दाखवली की तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "हे त्याचं झालं. तुहं काय?" म्हणजे ज्याने ती धून बांधली त्याचं झालं, आता त्याच धुनेला धरून, जागच्या जागी, तुझं स्वतःचं काय ते वाजव. बिचारे पंधरा-वीस वर्षं वराती वाजवणारे लोक. त्यांना कोणी आजवर असं विचारलं नव्हतं. घाम फुटायचा त्यांना. आणि हा समोर पाय पसरून बसलेला, भिजवलेले चणे खात, घाई नसलेला.

लालबर्र्‍याच्या एका वरातीत तर त्याने कहरच केला. लीलाधर म्हणून आमचा क्लॅरिनेटवाला, शांत माणूस, बायकोसमोरही आवाज न चढवणारा. वरात चौकात आलेली, नवरदेवाचे मित्र नाचतायत, आणि धनपालने शिट्टी मारून अख्खा बँड थांबवला. लीलाधरकडे बोट केलं. "तुहं काय?"

नवरदेवाचा मामा धावून आला. "अरे, बंद काहून केला बे? पैसे कायचे घेऊन राह्यले?"

धनपालने त्याच्याकडे पाहिलंही नाही.  लीलाधरने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि त्याची आई धान कांडताना जे गुणगुणायची ते अगदी हळू सुरू केलं. ढोल हळूच त्याच्याखाली शिरला. मित्र नाचायचे थांबले. वरातीतल्या म्हाताऱ्या बायका पुढे सरकल्या. नंतर ते वाजवणं असं काही फिरलं, असं काही वर गेलं, की मामासुद्धा हात खाली सोडून उभा राहिला. मी तिथल्याच शाळेत शिकवायचे, शाळा सुटल्यावर घरी चालले होते, तेव्हा हे पाहिलं. चांगलं झालं होतं. फार चांगलं झालं होतं. पण लीलाधरला त्या रात्री ताप आला, हे धनपालच्या भक्तांना माहीत नसतं. आणि वाजवून झाल्यावर धनपाल त्याला काय म्हणाला, तर "शेवटी लांबवलं."

त्या माणसाने कोणाला कधी 'छान' म्हटलं नाही. तो शब्द त्याच्याजवळ नव्हताच.

मग पत्र्याचे दिवस आले. जहाजावरून त्याने एक वाद्य आणलं होतं. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट केलेला, त्यावर जागोजागी सूर. रबर लावलेल्या काड्यांनी वाजवायचं. त्रिनिदादच्या म्हाताऱ्याने ते करायला शिकवलं होतं. एकाने त्याचं भागेना, म्हणून त्याने तेल मिलमधून रिकामी पिंपं आणली आणि विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत ती ठोकायला बसला. सकाळी सातपासून. माझ्या शाळेचे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस होते. मी दोनदा जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "सूर आत हाये वंदे, बाहेर काढा लागते." पहिली दोन पिंपं फुटली. तिसऱ्याखाली त्याने धानाचा कोंडा पेटवला, तापवलं, पाणी मारलं, पुन्हा ठोकलं. एकविसाव्या दिवशी त्यातून सूर निघाला. गोड निघाला, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं.

मला बँडमध्ये त्यानेच घेतलं. हेही त्याचे भक्त मोठ्या कौतुकाने सांगतात, की बघा, आमच्या भागात बाईला बँडमध्ये उभं करणारा पहिला माणूस. कारण मात्र कोणी सांगत नाही. मी ओट्यावर वॉर्डातल्या पोरांचे पाढे घ्यायचे, डस्टर फळीवर आपटत. तो कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता म्हणे. दुसऱ्या दिवशी बाबांना म्हणाला, "पोट्टे धावतात. ही मास्तरीण हजेरी घेतल्यावानी वाजवते. लोखंड हिले द्या."

लोखंड म्हणजे ट्रकचा जुना ब्रेक ड्रम. दोरीने टांगलेला, त्यावर सळीने ठोकायचं. त्रिनिदादला असंच वाजवतात म्हणे, आणि ठोक्यांचा हिशेब क्युबावाल्याचा. ठोके पाचच. आधी तीन, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. शेवटपर्यंत एवढंच. बाकी सगळे त्यावर वाटेल ते रचायला मोकळे, कारण लोखंड हलत नाही. पण एक अट असते. प्रत्येक चालीची बाजू ठरलेली. कोणती तीनवर चढते, म्हणजे सुरू होते, कोणती दोनवर. भलत्या बाजूने चढलात तर एकही सूर चुकलेला नसतो, तरी सगळं डाव्या पायातला बूट उजव्या पायात घातल्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला फक्त बेचैनी कळते. वाजवणाऱ्याला मात्र जीव नकोसा होतो.

महिनाभर त्याने मला एकटीला शिकवलं. मी लोखंड वाजवायचं आणि तो समोर बसून पिंपावर मुद्दाम उलट्या बाजूने चढायचा. कान आपोआप त्याच्याकडे ओढला जायचा आणि हात पलटायचा. पलटणं म्हणजे तीनानंतर दोनच्या ऐवजी पुन्हा तीनच वाजवायचे. तेवढ्याने बाजू बदलते आणि समोरचा बरोबर ठरतो. माझा हात पलटला की तो काड्या खाली ठेवायचा. "पलटलीस. पुन्हा." एकदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं, काकाजी, तुम्हीच चुकताय. तर म्हणाला, "हौ, मीच चुकून राह्यलो. पण लोखंड कोणासाठीच पलटत नाही. समोर कोणीबी असो."

महिन्याने माझा हात पलटायचा थांबला. मला त्याचा अभिमान वाटायचा. लपवत नाही.

बाबांचं आणि त्याचं एकदाच भांडण झालं, ते दफड्यावरून. एके दुपारी तालमीच्या खोलीत आलो तर भिंतीवर दफडं, म्हणजे चामड्याचा डफ, टांगलेलं. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी आमच्या घरचं दफडं वैनगंगेत सोडलं होतं. दुसऱ्यांच्या दारी, दुसऱ्यांच्या लग्नामौतीला ते वाजवत उभं राहायचं काम होतं आमच्या लोकांचं. ते संपलं म्हणून तर बाबांनी ट्रंपेट धरलं, टोपी घातली, मास्तर झाले. बाबा दारातच थांबले.

धनपाल सांगायला लागला. त्या बेटांवर गुलाम म्हणून नेलेल्या लोकांचे ढोल मालकांनी बंद केले होते. मग ते बांबू वाजवायला लागले, बिस्किटाचे डबे वाजवायला लागले, शेवटी तेलाची पिंपं. आपणही आपलं वाद्य परत घ्यायला पाहिजे, वगैरे.

बाबा शांतपणे म्हणाले, "त्यायचे ढोल हिसकून घेतलते धनपाल. त्यायले वापस पाह्यजे असन. आमच्या तं गळ्यात बांधलं व्हतं. आमाले नाही पाह्यजे."

"वाजवते त्याचं असते मास्तर. बांधते त्याचं नसते."

बाबा परत फिरले. महिनाभर तालमीला आले नाहीत. धनपालने दफडं उतरवलं नाही. वाजवलंही नाही आणि कोणाला वाजवूही दिलं नाही. नुसतं टांगून ठेवलं. शेवटी बाबाच आले आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बँडमध्ये. मी त्या दिवशी धनपालशी जे तुटकपणे वागायला लागले ते वागतच राहिले.

बाबांचा पुढचा वरचा दात हलायला लागला तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. ट्रंपेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात म्हणजे त्याचं सगळं काही. ओठ टेकवायला तीच जागा. कवळी बसवून वाजवणारे असतात, पण बाबांच्या वयात ते जमणार नव्हतं. बाबांनी आम्हा सगळ्यांसमोर धनपालला सांगितलं, "माही चाल एक डाव तुह्या पद्धतीनं वाजवतो. लोकायसमोर. मंग बँड तुहा."

बाबांना एवढंच हवं होतं. ताठ उभं राहून एकदा वाजवायचं आणि स्वतःच्या हाताने बँड द्यायचा. कोणी काढून घेतला असं व्हायला नको होतं. आई मला रोज विचारायची, "होईन ना त्यायच्यानं?" मी म्हणायचे, हौ, होईन.

धनपालने चाल लोखंडावर बसवली. सुरुवातीला मी एकटी वाजवणार, मग त्यावर बाबांचं ट्रंपेट एकटंच चढणार, दोनच्या बाजूने. तिसऱ्या फेरीला पिंप आणि ढोल. दोन महिने तालीम चालली. बाबांची सवय आयुष्यभराची, शिट्टी झाली की चढायचं. ठोक्यांची बाजू पाहून वाट पाहणं त्यांना जड जायचं. दहापैकी सात वेळा बरोबर यायचे. तीनदा चुकले की धनपाल म्हणायचा, "मास्तर, पुन्हा." त्याच आवाजात, जसं मला म्हणायचा. त्यांच्याशी तरी वेगळ्या आवाजात बोलावं की नाही?

लांजीला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. ऊन नुकतंच उतरलं होतं, मैदान भरलं होतं, परसवाड्याकडूनही लोक आले होते. बाबांनी टोपी घातली नव्हती, पांढरा सदरा होता. ते माझ्या डाव्या हाताला, एका पावलावर. धनपाल समोर उजवीकडे, गळ्यात पिंप, दोन्ही हातांत काड्या, ओठांत शिट्टी.

मी लोखंड सुरू केलं. तीन, दोन. तीन, दोन. आणि बाबा चढले. तीनवर.

पहिल्या सुरालाच मला कळलं. सूर इतका स्वच्छ होता की मैदान गप्प झालं, आणि बाजू उलटी होती. माझ्या हातात होतं सगळं. तीन वाजवून झाल्यावर पुन्हा तीन वाजवले असते तर बाबा बरोबर ठरले असते. मैदानात एकाही माणसाला कळलं नसतं. मी धनपालकडे पाहिलं. तो डोळे वटारून माझ्याकडेच पाहत होता. पापणी हलत नव्हती.

मी दोन वाजवले.

बाबांनी तीन ओळी वाजवल्या. दुसरीत ते शोधत होते, ते ऐकू येत होतं. तिसरीत सूर फाटला. मग ट्रंपेट थांबलं आणि नुसतं माझं लोखंड राहिलं, तीन, दोन, तीन, दोन. पाहिलं तर बाबांनी ट्रंपेट खाली केलं होतं आणि रुमालाने त्याचं तोंड पुसत होते, वाजवून झाल्यावर पुसायचे तसे. ते मागच्या पायऱ्यांनी उतरून गेले. धनपालने पिंपावर त्यांचीच चाल उचलली, बरोबर बाजूने, आणि पुढे वीस मिनिटं बँड असा वाजला की लोक अजून आठवण काढतात.

मंचामागे धनपाल माझ्याजवळ आला. घामाने शर्ट भिजलेला. म्हणाला, "लोखंड बराबर व्हतं."

सहा वर्षांत त्याने मला दिलेली ही एकच शाबासकी. आणि खोटं कशाला बोलू, ती ऐकून एक क्षण मला बरं वाटलं. त्या एका क्षणासाठी मी त्याला कधीही माफ करणार नाही.

घरी येताना जीपमध्ये बाबा म्हणाले, "तुहा हात सरळ व्हता पोरी. मीच आधी निंगालो." त्यानंतर त्यांनी ट्रंपेटला हात लावला नाही. दात महिनाभराने पडला. बँड द्यायचं त्यांनी कधी बोलूनच दाखवलं नाही, तो धनपालकडे आपोआप गेला. मी लोखंड सोडलं. दीड वर्षाने बाबा गेले. अंत्ययात्रेत मास्तरची चाल वाजवावी असं लीलाधर म्हणत होता, तर धनपाल म्हणाला, "नाही वाजवाची." आताही हाच ठरवणार, असं मला वाटलं. भेटेल त्याला मी सांगायचे की धनपालने एका नजरेने माझ्या बाबांचं वाजवणं बंद केलं.

तोंडावर सांगायची संधी गेल्या वर्षी मिळाली. सकाळी मी शाळेत जायला बसस्टँडवर उभी होते. धनपाल बाकावर बसला होता, पायाशी दोन पिशव्या. रायपूरला लेकीकडे चालला होता, कायमचा. वाळला होता. फुलांचा शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काकाजी, तुमाले एक सांगाचं हाये."

"सांग ना."

"लांजीले तुमी माह्याकडं तसे पाह्यले नसते, तर मी पलटवलं असतं. बाबांचं वाजवणं तुमीच बंद केलं."

तो म्हणाला, "कसा पाह्यलो मी?"

"डोळे वटारून. पलटवू नको म्हणून."

"पलटव म्हणून पाहून राह्यलतो मी," धनपाल म्हणाला. "हातात काड्या, तोंडात शिटी. स्टेजवरून वरडू कसा?"

 मी म्हटलं, "तुमीच तर शिकवलं, लोखंड कोणासाठीच पलटत नाही म्हणून."

"शिकवताना असंच सांगा लागते. नाहीतर हात पक्का होत नाही."

"मंग 'लोखंड बराबर व्हतं' काहून म्हणले?"

"बराबर तं व्हतंच." त्याने पिशव्या उचलल्या, रायपूरची बस लागली होती. दोन पावलं गेला आणि वळला. चिडला होता. "बाप तुहा व्हता वंदे. हे का मी सांगाव?"

बसमध्ये चढून त्याने एका कॉलेजच्या पोराला खिडकीवरून उठवलं आणि स्वतः बसला. पिशव्या त्या पोराच्या मांडीवर दिल्या. बस निघाली तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते.

तो खोटं बोलला असेल. जाता जाता माणूस स्वतःला सोडवून घेतो. त्याला मी ओळखते, त्याच्यात तेवढा दुष्टपणा नक्की होता. पण घरी येऊन मी ती संध्याकाळ पुन्हा आठवायला बसले, आणि आजही बसते. धनपालचे डोळे मला अगदी स्पष्ट दिसतात, भुवईवरचा घामसुद्धा. त्या तीन ओळी वाजवताना बाबा कोणाकडे पाहत होते, ते मात्र दिसत नाही. ते माझ्यापासून एका पावलावर होते, आणि मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.